आपसूक उगवलेलं

४ सप्टेंबर

पोचलो बाई एकदाचे! गाडीत भुंगीनं ओकून माझी नवी ओढणी कामातून घालवली, गाडीवाल्यानं अख्ख्या रस्त्यात तोंडातून ब्र काढला नाही, आणि शेवटचा कच्चा रस्ता तर असा, की हाडं खिळखिळी झाली. पण घर बघितलं आणि सगळा शीण पळाला. दोन खोल्या, पुढे लाल फरशीची पायरी, माझ्या उंचीला बरोबर बसणारा ओटा, नळाला पाणी. भिंतींना ताजा चुना. सगळी घरं एका रांगेत, सगळ्यांची दारं हिरवी, दोन घरांमधलं अंतरही अगदी मापून ठेवल्यासारखं. भुंगी आल्या आल्या भलत्याच घरात शिरली आणि पाणी पिऊन आली, तिला वाटलं आपलंच.

भुंगी म्हणजे माझी लेक. पाच वर्षांची. नाव वेगळं आहे, पण जागी असली की सतत काहीतरी गुणगुणत असते, कुठलं गाणं ते तिचं तिलाच ठाऊक, म्हणून घरात सगळे भुंगीच म्हणतात. तिचे बाबा जहाजावर, डिसेंबरपर्यंत यायचे नाहीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिच्या गळ्यात ही धोंड कशी बांधणार? तेव्हा माझं शेपूट माझ्याबरोबर.

साहेब, म्हणजे इथल्या साग लावणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक, स्वतः बाहेर आले होते. मला नमस्कार केला, भुंगीला बघून जरा थबकले. म्हणाले की नेमणुकीच्या पत्रात तर एकच नाव होतं. मी म्हटलं, मी फोनवर कळवलं होतं की. मग हसले. म्हणाले, आलीच आहे तर असू दे, बघू काय करायचं ते.

आणखी एक बरं म्हणजे इथे सगळे माझ्याच वयाचे. गाडीवाला, खानावळीतली स्वयंपाकीण, ऑफिसातले, बागेतले, सगळे आपले चौतिशी-पस्तिशीतले. आमच्या शहरातल्या ऑफिसासारखी जुनी खोडं नाहीत, की आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून कान किटवतील. छान जमेल माझं.

५ सप्टेंबर

आज हद्द फिरून आले. इथेच सुटसुटीत लिहून ठेवते, म्हणजे पुढे अहवालाच्या वेळी डोकं खाजवत बसायला नको.

जमिनीचे तीन तुकडे. घरांना लागून सागाची लागवड, नजर पोचेल तिथपर्यंत, ओळीत ओळ. तिच्या पलीकडे एक मोठं पडीक शेत, कित्येक वर्षं नांगरून नांगरून दमलेलं आणि मग सोडून दिलेलं. त्याच्या मधोमध एकच जुनं झाड, मोठं, वेडंवाकडं, बहुधा सावलीसाठी राखलेलं. आणि शेताच्या पल्याड जुनं रान, कुणीही न लावलेलं.

माझं काम सोपं आहे. तिन्ही ठिकाणी चार खुंट्या ठोकून दोरीची चौकट आखायची. आत आपसूक उगवलेलं प्रत्येक इवलं रोपटं शोधायचं आणि त्याला लाल फीत बांधायची. म्हणजे पुढच्या फेरीत तेच रोपटं सापडतं आणि जगलं की मेलं ते कळतं. पडीक शेतात रान आपलं आपण परत येतंय असं दिसलं, तर मला इथे पाठवणारी माझी संस्था ते तसंच राहू देणार. येत नसेल, तर साहेब तिथेही साग लावणार. म्हणजे माझी रोपटी जितकी कमी, तितकं साहेबांचं भलं. एवढं डोक्यात पक्कं ठेवलंय. माणूस कितीही गोड बोलला तरी मी विरघळणारी नाही. कुणी जास्त गोड बोललं, की माझे कान आधी टवकारतात.

भुंगीनं विचारलं, या शेतात रोपटी का उगवत नाहीत. तिला समजेल असं सांगितलं. रानातल्या मातीत बिया झोपलेल्या असतात, वर उजेड पडला की जाग्या होतात. तोडलेल्या झाडाच्या खुंटालाही पुन्हा धुमारे फुटतात. पण वर्षानुवर्षं नांगर फिरवला, खुंट उपटून टाकले, उगवेल ते निंदून काढलं, की मातीतल्या बिया संपतात. माती विसरून जाते. मग तिथे काय उगवत होतं ते तिला बाहेरून कुणीतरी आणून द्यावं लागतं, पाखरानं नाहीतर वटवाघळानं. म्हणून तर त्या एकट्या झाडाखाली सगळी गर्दी आहे. पाखरं येऊन बसतात, शिटतात, आणि खाली रानातली नाना तऱ्हेची पोरं उगवून येतात. शिटतात या शब्दावर बाईसाहेब इतक्या हसल्या, की पुढचं काही ऐकलंच नाही.

८ सप्टेंबर

काम जोरात. शेतातल्या चौकटी झाल्या, लागवडीतल्या आज सुरू केल्या. सागाखाली फार थोडं उगवलंय, पण अगदीच नाही असं नाही. रानाच्या बाजूला जास्त, घरांकडे येऊ तसं कमी. प्रत्येकाला फीत बांधताना कंबरेचा काटा ढिला झाला.

लागवडीत शांतता मात्र अती आहे. पाखरू नाही, किडा नाही. मोठाली पानं पडतात तेवढाच आवाज. भुंगीच्या गुणगुणण्याचा एरवी मला वैताग येतो, आज बरं वाटलं.

निंदणीची टोळी भेटली. बाया आणि पुरुष, एका ओळीत, सारख्या अंतरावर, वाकून पुढे सरकत जातात. लावलेलं तेवढं ठेवायचं, आपसूक आलेलं उपटायचं. उपटलेलं बांधावर मुळं वर करून पसरतात, उन्हानं मुळं वाळली की परत रुजत नाही. टोळीची मुकादमबाई दिसायला साधी, आवाज मऊ. तिनं माझ्याशी खूप प्रेमानं चौकशी केली. म्हणाली, लहान असतानाच काढायचं, तेव्हा हाताला काही लागत नाही. मोठं झालं की मूळ धरतं, मग जमीन सोडत नाही. भुंगी तिच्या पुढ्यात उभी राहून टकामका बघत होती.

संध्याकाळी भुंगीच्या रिबिनी हरवल्या. तिनं आकाशपाताळ एक केलं. शेवटी माझ्या रिळातल्या दोन लाल फिती कापून दोन्ही वेण्यांना बांधल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. छान दिसतात. आता या रोज हव्यात म्हणे.

११ सप्टेंबर

इथे भुंगीशी खेळायला कुणी नाही. आधी वाटलं पोरं शाळेत जात असतील. पण शाळा कुठाय? आज स्वयंपाकिणीला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, इथे मुलं रुजत नाहीत. असं म्हणाली. मी हसले, ती हसली नाही. मग तिनं मला विचारलं, तुम्हाला आहे का मूलबाळ. अहो, भुंगी तिच्या समोर बसून पोळी खात होती!

तिचा ओटा पुसायचा फडका उचलून बघितला. फ्रॉक होता. लहान मुलीचा, गळ्याशी फुलाफुलांची नक्षी असलेला. मी विचारलं, कुणाचा. तिनं तो माझ्या हातातून घेतला. म्हणाली, फडका आहे. आणि पुसायला लागली.

म्हातारंही कुणी नाही. सगळे एका मापाचे. असेल बाबा, कंपनी तरण्यांनाच घेत असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

१४ सप्टेंबर

मला माहीत होतं. माहीत होतं!

लागवडीतलं एकही फीतवालं रोपटं जागेवर नाही. एकही! चौकटीच्या दोऱ्या जशाच्या तशा, आत जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ. फीत नसलेलं एखाददुसरं चुकून राहिलंय, पण माझी फीत बांधलेलं प्रत्येक गेलंय. शेतातल्या चौकटींचीही तीच गत. इतक्या दिवसांची मेहनत मातीत.

म्हणजे साहेबांनी काढायला लावली. दुसरं कोण? गोड बोलून गळा कापायची तऱ्हा. मी थेट ऑफिसात गेले आणि तोंड सोडलं. साहेब शांत. म्हणाले की गैरसमज झाला असेल, मुकादमबाईशी बोला. ताकास तूर लागू दिली नाही. चहाचा कप तसाच ठेवून उठले.

१५ सप्टेंबर

आता हसावं की रडावं?

मुकादमबाईला गाठलं. ती उलट माझेच आभार मानायला लागली. म्हणाली, तुम्ही खुणा करून दिल्यात म्हणून काम किती लवकर उरकलं, नाहीतर शोधत बसावं लागतं. मग उलगडा झाला. इथे लाल खूण म्हणजे काढायचं. कुठल्याही लागवडीत अशीच रीत असते, तोडायच्या झाडावरच खूण करतात, ठेवायच्या झाडावर कशाला करतील? मी चांगली शिकलेली बाई, इतकं साधं डोक्यात येऊ नये! प्रत्येक रोपटं हातानं शोधून शोधून मीच त्याला फासावर दिलं.

तिनं मला खुणेची पद्धतही दाखवली. झाडाला दोन खुणा लागतात. एक वर, छातीच्या उंचीला, आणि एक खाली बुंध्याशी, लाल रंगाची. वरची खूण तोडलेल्या झाडाबरोबर निघून जाते. खालची खुंटावर राहते, म्हणजे हे झाड नियमानं गेलं, चोरीला नाही गेलं, हे नंतर कुणालाही कळतं. चोख कारभार. रोपट्यांना दुसरी खूण कुठे करणार, म्हणून त्यांना एकच चालते म्हणे.

तर यापुढे माझी फीत पांढरी. पांढरी म्हणजे हात लावायचा नाही. मुकादमबाईनं मान डोलावली. साहेबांवर उगाच तोंडसुख घेतलं, माफी मागायला हवी. पण जीभ रेटत नाही.

भुंगी आज दिवसभर टोळीच्या मागे मागे होती. त्यांना तिच्या वेण्यांचं भारी कौतुक, सारखं फितींना हात लावून बघतात म्हणे. चला, तिलाही सोबत मिळाली.

१८ सप्टेंबर

पांढऱ्या फिती बांधत बांधावरून येत होते. बांधावर उपटलेल्या रोपट्यांचा ढीग, मुळं वर. त्यात एक चप्पल. लहान मुलाची, बंद तुटलेली, मळून दगड झालेली. आणि तीही उलटी. तळ वर.

मी उगाच घाबरट नाही. चप्पल काय, कुठूनही येते. पण ती पडलेली नव्हती. रोपट्यांच्या ओळीत, त्यांच्यासारखीच, नीट ठेवलेली होती. पलीकडे आणखी एक दिसली. मग मी बघणंच बंद केलं.

परत येताना लागवडीच्या तोंडाशी पाटी दिसली, लावणीचं साल लिहिलेली. माझ्या जन्माच्या आधीचं साल आहे. आणि मुकादमबाई परवाच मला सांगत होती, की हे साग तिनं स्वतःच्या हातानं लावलेत. मी तेव्हा नुसतं हं म्हटलं होतं.

ती माझ्या वयाची दिसते. सगळेच माझ्या वयाचे दिसतात.

१९ सप्टेंबर

गाडीवाल्याला विचारलं, शहरात कधी जाणार. साहेब सांगतील तेव्हा. ऑफिसातला फोन बंद. संस्थेला निरोप द्यायचा म्हटलं, तर साहेब म्हणाले की ते स्वतः देतील. चेहरा हसरा. डोळे माझ्यावर नाहीत, दाराबाहेर भुंगीवर.

मुकादमबाईला त्या चपलांबद्दल सरळ विचारलं. तिनं बांधावरची एक हातात घेतली, उलटसुलट केली. म्हणाली, कुणाची ते आठवत नाही. पण मी इथे आले तेव्हा सोबत कुणीतरी होतं असं वाटतं कधीकधी. पहिल्या पहिल्यांदा छातीत दुखतं. मग एकदा काढलं की हात हलका होतो, जमीन सुटते.

मी तिला काढलं म्हणजे काय असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

२० सप्टेंबर

सामान बांधायला घेतलंय. भुंगीला काही सांगितलं नाही. बडबडी आहे, गावभर करेल.

आज एक विचित्रच झालं. भुंगीची आंघोळ चालली होती आणि ती तिचं ते गाणं म्हणत होती, तर मला वाटलं हे नवीनच काहीतरी. तिला विचारलं, हे कुठे शिकलीस. ती रागावली. म्हणाली, आई, हे तर मी रोजच म्हणते.

झोप नीट होत नाही, म्हणून असेल.

२१ सप्टेंबर

फिती.

अरे देवा, फिती!

दुपारी भाजी चिरत होते. भुंगी नेहमीसारखी बाहेर. खिडकीतून दोन लाल ठिपके दिसले, टोळीच्या ओळीकडे उड्या मारत चाललेले. आणि सुरी हातातून सुटली. मी बांधल्या. मी! माझ्या हातांनी, रोज सकाळी, गाठ पक्की करून. पांढरी खूण रोपट्यांना केली आणि माझ्या पोरीला—

अनवाणी धावले. मुकादमबाई खाली मातीत बसली होती, भुंगी तिच्या मांडीवर, आणि ती तिची सुटलेली वेणी परत घालत होती. किती मायेनं. बाकीचे सगळे गोल बसून बघत होते. मला बघून कुणी हललं नाही. पोरीला ओढून घेतलं. फिती तोडून चुलीत घातल्या. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं.

घेऊ दे. रडू दे. आवाज येतोय ना.

२२ सप्टेंबर

सकाळी तिचे पाय धूत होते. डाव्या घोट्याशी लाल रंग. बोटभर, गोल. खाली. बुंध्याशी—

घासला. साबणानं, रॉकेलनं, दगडानं. कातडी लाल झाली, पोर किंचाळली. रंग तसाच.

साहेबांकडे गेले. पाया पडले, हो, पडले. ते उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले की एकदा खूण झालेलं परत मोकळं करायची पद्धत नाही. म्हणाले, खूण तर तुम्हीच केलीत. म्हणाले की तुमची नेमणूक आहे, तुम्हाला कुणी हात लावणार नाही. ती मात्र आपसूक आलेली. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. इथले सगळे असेच आले. कुणी ना कुणी बोट धरून.

सगळेच?

सगळेच, म्हणाले. आणि त्यांच्या टेबलावर पेनं ठेवायला एक लहानसा बूट आहे. मी इतके दिवस बघत होते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२२ सप्टेंबर, संध्याकाळ

दाराला कडी. खाट दाराला लावलीय. भुंगी झोपली.

ठरलं. उजाडलं की निघायचं. रस्त्यानं नाही, त्यांची गाडी आहे. लागवडीतून शेत, शेतातून जुनं रान. रानात ते निंदत नाहीत. तिथे सगळंच आपसूक आलेलं. तिथे तिला कोण वेगळी काढणार?

लिहून ठेवते, कारण आज दोनदा तिला हाक मारायला गेले आणि शब्दच आठवेना. मला एक मुलगी आहे. पाच वर्षांची. दोन वेण्या घालते. गुणगुणते. तिचे बाबा जहाजावर आहेत. शिटणे म्हटलं की हसते. ती माझी आहे.

ती माझी आहे.

२३ सप्टेंबर

शेतात. एकट्या झाडाखाली. पोचलोय इथवर. भुंगीच्या पायात काटा गेला, काढला. दम खातेय. पाणी संपलं. वर पाखरं आहेत, किती दिवसांनी आवाज ऐकला. समोर रान. काळंभोर, जवळच. एवढं शेत ओलांडलं की झालं. ती खुशीत आहे, तिला वाटतं सहल. गाणं चाललंय. कुठलं ते—

असो. लिहितेय, कारण लिहिलं नाही तर सुटून जातं. आत्ताच वही बंद केली आणि हिच्याकडे बघून मनात आलं, ही कुणाची पोर इथे. क्षणभरच.

लागवडीतून बाहेर येताहेत. ओळीनं. सारख्या अंतरावर. वाकून. घाई नाही त्यांना. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ—

पांढरी फीत बांधलेलं सोडून देताहेत. खरंच सोडताहेत. माझ्याकडे पांढरी— रीळ पिशवीत— पिशवी घरी— ओढणी फाडते. पांढरी आहे. वेणीला, मनगटाला, गळ्यात—

घोट्याला बांधली तरी रंग वरून दिसतोय.

तिला सांगितलं, पळ. त्या झाडीत घूस, मागे बघू नकोस, गाणं म्हणत राहा, म्हणजे आईला कळेल तू कुठे आहेस. मी येतेच. मी यांना अडवते. चप्पल पायातून सुटत होती, ती म्हणाली थांब, मी म्हटलं राहू दे, पळ—

पळतेय. पांढरं दिसतंय. गवतात दिसतंय, नाही दिसत, दिसतंय. पोचली बहुतेक— रानाच्या कडेला—

त्यांच्या पुढे आडवी उभी राहिले. हात पसरून. ओरडले. धक्का नाही मारला कुणी. ओळ फक्त माझ्यापाशी फुटली, मला वळसा घालून पुढे जाऊन परत जुळली. मला हात लावत नाहीत ते. मी लावलेली आहे.

गाणं येतंय. रानातून. येतंय ना? हो, रानातूनच—

नाही. ओळीतून. सगळे गुणगुणताहेत. तेच—

थांबलं.

झाडाखाली बसलेय. फार शांत आहे. पाखरं उडून गेली. छातीत दुखत होतं मघाशी, आता तितकं नाही. हात हलका वाटतोय, लिहायला सोपं जातंय.

मुकादमबाई परत आली. शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला. फार मायाळू बाई आहे. म्हणाली, झालं आता. माझ्या पुढ्यात, मातीवर, काहीतरी ठेवलं, नीट, तळ वर करून. चप्पल आहे. लहानशी, लाल बंदाची. हिच्यासाठी थांबू नको, पळ, असं मी आत्ता कुणाला तरी म्हटलं होतं. कुणाला म्हटलं ते अगदी ओठांवर आहे. माझ्या ओळखीची आहे ही. अगदी ओळखीची. ही चप्पल माझ्या—